नवा ए१७ ५जी की वापरलेला एस२२? बजेट १९ हजार

मिरजमसाला

दोन फोनांत घोडं अडलंय. एकीकडे नवा कोरा सॅमसंग गॅलॅक्सी ए१७ ५जी, ६/१२८ (६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोअरेज), १८,९९९ ला. दुसरीकडे वापरलेला गॅलॅक्सी एस२२, ८/१२८, बिल आणि खोक्यासकट. बिल एप्रिल २०२२ चं, मागणी साडेअठरा हजारांची.

वापर असा आहे: दिवसाला दीड-दोन तास बोलणं, यूपीआय तीस-चाळीस वेळा, दुपारी लॅपटॉपला तासभर हॉटस्पॉट, दुचाकीवर नकाशा, आणि लोणच्या-चटण्यांच्या बाटल्यांचे फोटो व्हॉट्सॲप कॅटलॉगसाठी. गेम अजिबात नाहीत. तीन वर्षं तरी चालायला हवा.

एस२२ हातात धरला की सोडवत नाही, हे कबूल. पण सगळे म्हणतात त्याची बॅटरी रडते आणि अपडेट संपत आलेत. खरंच तीन वर्षं निघतील का? आणि वापरलेला घ्यायचाच झाला तर नेमकं काय काय तपासायचं?

दशांश

चिपचं आधी सांगतो, कारण तिथे गैरसमज जास्त. ए१७ ऑगस्ट २०२५ चा म्हणून तो एस२२ पेक्षा वेगवान असेल, असं समजू नका. ए१७ मध्ये एक्सिनॉस १३३० आहे: कॉर्टेक्स-ए७८ चे दोन मोठे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) आणि ए५५ चे सहा छोटे. एस२२ च्या भारतीय मॉडेलमध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आहे: एक एक्स२ आणि तीन ए७१० हे मोठे, चार ए५१० छोटे. दोघांची पायरीच वेगळी. त्यात एस२२ चं स्टोअरेज वेगवान आणि रॅम दोन जीबी जास्त.

तुमच्या कामात हा फरक जाणवेल तो अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना. नकाशा चालू, कानात फोन, आणि मध्येच यूपीआयचा स्कॅनर उघडायचा, अशा वेळी ६ जीबीवाला ए१७ मागचं अ‍ॅप बंद करून टाकतो आणि स्कॅनर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. दोन-तीन सेकंदांचाच खेळ, पण दिवसातून चाळीस वेळा. उपाय आहे: अलीकडच्या अ‍ॅपची यादी उघडा, यूपीआय अ‍ॅपच्या चिन्हावर टिचकी मारा, ‘कीप ओपन’ निवडा. मग फोन त्याला सहसा हात लावत नाही. ए१७ घेणारच असाल तर ६ ऐवजी ८ जीबीचा घ्या, किमतीत दीडेक हजाराचा फरक आहे. बाकी कुठल्याही सवलतीपेक्षा तो खर्च वसूल होतो.

एस२२ ची दुसरी बाजूही ऐका. ८ जेन १ ही चिप तापट म्हणूनच बदनाम आहे. तापमान आवरायला सॅमसंगने आतून वेगावर लगाम घातला होता, ते उघड झाल्यावर मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने (फोनांचा वेग मोजून यादी लावणारी चाचणी) अख्खी एस२२ मालिका आपल्या यादीतून काढून टाकली. पुढे अपडेट देऊन गेमसाठी लगाम सैल करायची सोय झाली, पण चिप तीच राहिली. मे महिन्याच्या दुपारी ५जी वर हॉटस्पॉट लावाल तर एस२२ हाताला चटका देईल आणि चार्जिंग आपोआप मंद करेल. हॉटस्पॉटऐवजी केबलने यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट तारेतून लॅपटॉपला द्या. वायफायचा रेडिओ बंद राहतो, फोन कमी तापतो आणि लॅपटॉपकडून थोडं चार्जिंगही मिळतं. हे दोन्ही फोनांना लागू.

सोल्डर_अण्णा

मुद्द्याचं म्हणजे बॅटरी. एस२२ ला मुळात ३७०० एमएएच, ए१७ ला ५०००. एस२२ नवा होता तेव्हाच जड वापरात संध्याकाळी चार्जर शोधायला लावायचा. साडेतीन वर्षं रोज चार्ज झालेली बॅटरी म्हणजे हजाराच्या आसपास सायकल (पूर्ण चार्जचे फेरे) झालेल्या असू शकतात. नुसती क्षमता कमी होते असं नाही, आतला रोधही वाढतो. म्हणून जुना फोन १८ टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की पटकन मिटतो: एकदम करंट ओढला, व्होल्टेज खाली कोसळलं, फोनने स्वतःला वाचवलं. आकडा खोटा नसतो, बॅटरीतला जोर गेलेला असतो.

बघायला जाल तेव्हा हा क्रम ठेवा. घाई करणारा विक्रेता असेल तर तिथूनच परत फिरा.

१) *#०६# दाबा. येणारे आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) खोक्यावरचे, बिलावरचे आणि सेटिंगमधले जुळले पाहिजेत. मग ‘केवायएम’, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा (केवायएम ही अक्षरं इंग्रजीत). चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. संचारसाथी संकेतस्थळावरही हीच तपासणी होते.

२) मॉडेल क्रमांक एसएम-एस९०१ नंतर ई असला पाहिजे. बी असेल तर तो युरोपचा, एक्सिनॉस २२०० वाला. तो या किमतीला तर नकोच.

३) डायलरवर *#०*# दाबलं की चाचणीचा मेनू येतो. लाल, हिरवा, निळा हे पडदे एकेक करून उघडा. उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ दिसली तर विषय संपला, ती जात नाही, अख्खा डिस्प्ले बदलावा लागतो. मग राखाडी रंगाचं चित्र पूर्ण पडद्यावर लावा आणि खालच्या भागात कीबोर्डची, वर स्टेटस बारची सावली उमटली आहे का ते बघा.

४) डिस्प्ले बदललेला आहे का? अंधारात पूर्ण काळं चित्र लावा. मूळ अ‍ॅमोलेड असेल तर पडदा विझल्यासारखा दिसतो, स्वस्तातला एलसीडी लावलेला असेल तर राखाडी उजेड पाझरतो. आणखी खात्री हवी तर नवं बोट नोंदवा. एस२२ ला पडद्याखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, एलसीडीच्या नकली पडद्यावर तो चालतच नाही.

५) मागची काच आणि फ्रेम यांच्या सांध्यावरून नख फिरवा. एका बाजूला नख अडकलं तर आतली बॅटरी फुगते आहे किंवा फोन उघडून नीट चिकटवलेला नाही.

६) विक्रेत्याला स्वतःच्या हाताने गूगल आणि सॅमसंग खातं काढायला सांगा. मग सेटिंगमधूनच रिसेट, आणि वायफाय जोडून होम स्क्रीनपर्यंत तुम्ही स्वतः सेटअप करा. वाटेत ‘हा फोन अमुक संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशी पाटी आली तर तो हप्त्याचा फोन आहे. पैसे देऊ नका. संगणक जवळ असेल तर डाउनलोड मोडमध्ये (दुरुस्तीचा पडदा) ‘केजी स्टेट’ वाचा, फोनवर कुणाचं कुलूप आहे का ते ती ओळ सांगते. ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘लॉक्ड’ असेल तर तोच प्रकार. तिथेच ‘वॉरंटी व्हॉइड’ समोर ०x० असायला हवं. ०x१ असेल तर कुणीतरी रूट करून (सिस्टीमचे मूळ निर्बंध तोडून) बघितलंय, सिक्युअर फोल्डर गेला आणि बँकेची अ‍ॅपही कटकट करू शकतात.

बॅटरीचा अंदाज घ्यायला सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमधली तपासणी आहे, पण ती ‘गुड’ म्हणाली की निर्धास्त होऊ नका, तिचं माप फार ढोबळ आहे. शक्य असेल तर एक दिवस फोन मागून घ्या आणि अ‍ॅक्युबॅटरी (किती चार्ज आत गेलं ते मोजणारं अ‍ॅप) टाकून पडदा बंद ठेवून ३० ते ८० टक्के चार्ज करा. किती एमएएच आत गेले तो आकडा इथे टाका.

आणि आयपी६८ (पाणी-धुळीपासून संरक्षणाची श्रेणी) लिहिलंय म्हणून पाण्यात घालू नका. साडेतीन वर्षांत गोंद वाळतो, काच एकदा उघडली असेल तर ते सील गेलंच समजा. ए१७ तर आयपी५४ आहे, म्हणजे शिंतोड्यांपुरता.

तिसरी_घंटा

बाटल्यांच्या फोटोंवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

बाटली जवळ जाऊन १एक्सवर टिपली की तोंड मोठं आणि बूड निमुळतं दिसतं. लेबलच्या ओळीही बाहेर फुगतात. याचा इलाज एकच: लांब उभं राहून लांब पल्ल्याची लेन्स वापरणं. एस२२ ला खरीखुरी ३एक्स टेलिफोटो आहे, १० मेगापिक्सेलची. मीटरभर मागे सरकून ३एक्सवर टिपा, बाटलीच्या कडा सरळ येतात. मात्र फार जवळ गेलात किंवा उजेड कमी पडला तर फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि तेच चित्र कापून मोठं करून दाखवतो. ३एक्स लावून एकेक लेन्स बोटाने झाकून बघा. कुठली झाकल्यावर पडदा काळा होतो, ती चालू आहे.

ए१७ ला टेलिफोटो नाही. मुख्य ५० मेगापिक्सेल, सोबत ५ ची वाइड आणि २ ची मॅक्रो. मॅक्रो ही निव्वळ खोक्यावर तीन कॅमेरे लिहिण्यापुरती, तिने लेबल टिपू नका. पण या किमतीला मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस (हात हलला तरी लेन्स सावरून घेणारी सोय) आहे, ही मोठी गोष्ट. आधीच्या ए१६ ला ते नव्हतं. बाटल्या हलत नाहीत, तेव्हा खिडकीजवळ सावकाश टिपलेला फोटो ए१७ वरही चांगला येतो. मागे उभं राहून २एक्सवर टिपा, त्याहून पुढे जाऊ नका.

प्रकाशाकडे लक्ष द्या, कॅमेऱ्याच्या फरकाच्या दुप्पट फरक तिथे पडतो. खिडकी बाजूला, समोर नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, म्हणजे बाटलीच्या काळ्या बाजूला उजेड परततो. पडद्यावर बोट ठेवून फोकस पक्का करा आणि सूर्याची खूण किंचित खाली ओढा. तेलाच्या तवंगावर आणि काचेवर पांढरे ठिपके फुटतात ते त्याने आवरतात. आंब्याच्या लोणच्याचा लाल रंग सॅमसंग थोडा जास्तच भडक करतो, दोन्ही फोनांवर. संपादनात सॅच्युरेशन जरा खाली आणा, नाहीतर गिऱ्हाईक बाटली हातात घेतल्यावर ‘फोटोत वेगळं होतं’ म्हणतं.

व्हिडिओ करणार असाल तर मात्र तुलनाच नको. एस२२ वर ४के ६० फ्रेम, ए१७ वर १०८० आणि ३० फ्रेम. फक्त व्हॉट्सॲपला फोटो द्यायचे तर अ‍ॅप तसंही चित्र लहान करून टाकतं, तिथे दोन फोनांतलं अंतर बरंच मिटतं. पाठवताना एचडी निवडत जा.

गावठी_बाइट

एस२२ घेऊ नका. सुरक्षा अपडेट २०२७ च्या सुरुवातीला संपतायत. त्यानंतर यूपीआय बंद पडेल. ए१७ ला सहा वर्षं आहेत, विषय संपला.

दशांश

@गावठी_बाइट, अर्धं बरोबर आहे. एस२२ ला अँड्रॉइड १२ वरून चार पायऱ्या मिळायच्या होत्या, त्या १६ वर पूर्ण झाल्या. सुरक्षा अपडेट पाच वर्षांचे, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीपर्यंत, हेही बरोबर. पण यूपीआय त्या दिवशी बंद पडत नाही. ही अ‍ॅप किमान अँड्रॉइड आवृत्ती बघतात, आणि १६ ही आवृत्ती त्यांच्या खालच्या मर्यादेत यायला बरीच वर्षं जातील. अ‍ॅपचे अपडेट प्ले स्टोअरवरून येतच राहतात, सिस्टीमचे काही भागही गूगल तिथूनच अपडेट करतं. थांबतं ते कर्नल, मोडेम आणि चिपच्या ड्रायव्हरमधल्या भोकांना ठिगळ लावणं. धोका खरा आहे, पण तो हळूहळू वाढतो. ज्या फोनवरून रोज चाळीस व्यवहार होतात, तो ठिगळाशिवाय किती महिने वापरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी वर्षभराच्या वर जाणार नाही.

ए१७ च्या सहा वर्षांबद्दलही थोडं मीठ लावून घ्या. अँड्रॉइड १५ पासून सहा पायऱ्या म्हणजे २१ पर्यंत. दोन मोठे कोअर आणि ६ जीबी रॅमवर अँड्रॉइड २१ कसं पळेल, याची कल्पना करा. सुरक्षा अपडेट मिळत राहतील हे उत्तम, वेग मिळत राहील असं नाही. तुम्हाला तीनच वर्षं हवीत, तेवढं आरामात निघेल.

मिरजमसाला

सगळ्यांचे आभार. एस२२ एक दिवसासाठी मिळाला. आयएमईआय जुळतात, १४४२२ वरून ब्लॉक नसल्याचं उत्तर आलं. मॉडेल एस९०१ई. पडद्याला रेघ नाही, पण राखाडी चित्रावर खाली कीबोर्डची पुसट सावली दिसते. नख कुठेच अडकलं नाही. रिसेटनंतर कसली पाटी आली नाही. अ‍ॅक्युबॅटरीत ३० ते ८० टक्के चार्ज करताना १४८० एमएएच गेले. म्हणजे चांगलं की वाईट?

अजून एक: दुचाकीच्या हँडलला लावून नकाशा बघायचा तर उन्हात कुठला बरा?

सोल्डर_अण्णा

गणित सोपं. ५० टक्क्यांत १४८०, म्हणजे पूर्ण बॅटरी २९६०. मूळ ३७००, तेव्हा ८० टक्के उरली. एकाच मापावर भरवसा ठेवू नका, मंद चार्जरने दोन-तीनदा घ्या, चार-पाच टक्के इकडेतिकडे होईल. पण चित्र स्पष्ट आहे: एका बाजूला २९६०, दुसऱ्या बाजूला ५०००. तुमच्या वापरात हा एस२२ दुपारच्या हॉटस्पॉटनंतर मान टाकणार.

बॅटरी बदलता येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बदला आणि दर आधी विचारून घ्या. मागची काच गरम करून उघडतात, जुना गोंद खरवडून नवा लावतात. बाजारातल्या स्वस्त बॅटरीवर ३७०० छापलेलं असतं, आत किती ते ती पहिल्या उन्हाळ्यात सांगते. आणि नवी बॅटरी घातली तरी ती ३७०० चीच. ५००० होत नाही.

कीबोर्डची सावली म्हणजे पडदा थोडा भाजलाय. रोजच्या वापरात दिसणार नाही, पण किमतीत दिसली पाहिजे. या अवस्थेत साडेअठरा जास्त आहेत. बॅटरीचा खर्च आणि पडद्याची घट धरून १५ च्या खाली येत असेल तर विचार करा, नाहीतर सोडा. लक्षात ठेवा, उद्या फोन पडून पडदा फुटला तर एस२२ चा मूळ डिस्प्ले फोनच्या किमतीचा मोठा लचका तोडतो. ए१७ ला पहिलं वर्ष वॉरंटी तरी आहे. फुटण्याला नाही, पण बाकीच्याला.

तिसरी_घंटा

उन्हात एस२२ चा पडदा ठळकपणे सरस, १३०० निटपर्यंत (उजेडाचं माप) जातो. ए१७ ८०० च्या आसपास. पण दुपारच्या उन्हात एस२२ तापला की उजेड आपोआप उतरवतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी फायदा निम्मा.

हँडलचं मात्र गंभीरपणे घ्या. दोन्ही फोनांना ओआयएस आहे, म्हणजे लेन्स बारीक स्प्रिंगांवर तरंगते. इंजिनाची सततची थरथर त्या यंत्रणेला मारते. आयफोनबद्दल ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये तसा लेखी इशाराच दिला होता, आणि तत्त्व सगळ्या फोनांना सारखंच. खराब झाल्याची खूण: कॅमेरा उघडला की चित्र पाण्यातून बघितल्यासारखं डुगडुगतं आणि फोन हलवला की आत टकटक येते. वापरलेला घेताना हेही बघा, कॅमेरा चालू करून फोन अर्धा मिनिट स्थिर धरा. मोटरसायकल असेल तर रबरी डॅम्परवाला होल्डर घ्या, स्कूटरवर थरथर कमी असते तरी डॅम्पर बराच. सगळ्यात उत्तम म्हणजे फोन खिशात आणि एका कानात नकाशाचा आवाज.

आणि लोणच्याच्या तेलाचा हात असेल तर ए१७ चं कडेच्या बटणातलं बोटाचं सेन्सर पुसायला सोपं. एस२२ च्या पडद्याखालच्या सेन्सरला जाड टेम्पर्ड ग्लास चालत नाही, पातळ फिल्मच लावावी लागते.

दशांश

थोडे पैसे वाढवायची तयारी असेल तर एस२२ वर साडेअठरा घालण्यापेक्षा वापरलेला एस२३ शोधा. ८ जेन २ चिप आहे, ती मुळीच तापट नाही, बॅटरी ३९००, सुरक्षा अपडेट २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. वीस हजारांत चांगला मिळणं अवघड, पण भाव उतरतायत.

मिरजमसाला

विक्रेता १७ च्या खाली येईना. ए१७ चा ८/१२८ घेतोय. सुरुवातीला काय काय बदलून ठेवू?

दशांश

डिव्हाइस केअरमध्ये मेमरीत जा आणि रॅम प्लस बंद करा, स्टोअरेजला रॅम म्हणून घासण्यात काही हशील नाही. बॅटरी प्रोटेक्शनमध्ये ‘मॅक्झिमम’ निवडा, ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. हॉटस्पॉटचा दिवस असेल तेव्हा तेवढ्यापुरतं काढा. खोक्यात चार्जर येत नाही. २५ वॉटचा घेताना पीपीएस (वेगवान चार्जिंगची एक पद्धत) लिहिलेला घ्या, नाहीतर तो पूर्ण वेगाने भरत नाही. मेमरी कार्ड टाकणार असाल तर दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत आहे, दोन्ही एकदम बसणार नाहीत. फोटो कार्डावर ठेवा, यूपीआयची अ‍ॅप फोनमध्येच असू द्या, आणि आतली २० टक्के जागा नेहमी मोकळी ठेवा. ती भरली की हा फोन सगळ्यात आधी कॅमेऱ्यात अडखळतो.

सोल्डर_अण्णा

आणि कव्हर घालून चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. ५००० ची असली तरी बॅटरीच आहे ती.